मंगळावरचं खारं शेत

माझी लेक यंदा नववीत गेली. शाळेच्या हस्तलिखितासाठी तिनं मे महिन्याच्या सुट्टीत एक विज्ञानकथा लिहायला घेतली. एक कुटुंब मंगळावर कायमचं राहायला जातं आणि तिथं शेती करतं, अशी. पहिला भाग लिहून झाला त्या रात्री वीज गेलेली, म्हणून आम्ही तिघं पडवीत बसलो होतो: मी, ती आणि माझे सासरे. बॅटरीच्या उजेडात तिनं वाचून दाखवलं. यान उतरलं, घुमट उभा राहिला, चौथ्या दिवशी आईनं टोमॅटोची रोपं लावली आणि पुढच्या पानावर टोमॅटो लालबुंद झाले.

आबा मध्ये एक शब्द बोलले नाहीत. वाचून संपल्यावर त्यांनी विचारलं, "जमीन गोडी हाय का खारी?"

लेकीला प्रश्नच कळला नाही. मला कळला, कारण लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तो ऐकत आलेय. आमचं गाव बाणकोटच्या खाडीकाठी. डोंगराच्या पायथ्याची जमीन ती गोडी, आणि खाडीला बांध घालून भरतीच्या पाण्यातून सोडवून घेतलेली ती खारी. आमची निम्मी भातशेती खारी आहे. गावात जमिनीचा व्यवहार असो की सोयरीक, हा प्रश्न आधी येतो.

"मंगळावर समुद्र नाहीये आबा," ती म्हणाली.

"समुद्र नसला म्हणून मीठ नसतं असं नाय."

मी शाखा डाकघरात काम करते. दिवसाचे काही तासच ऑफिस उघडं असतं, त्यामुळे दुपारी वेळ मिळतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी मोबाईलवर शोधाशोध केली आणि आबांचं बोलणं शब्दशः खरं निघालं. २००८ साली फिनिक्स नावाचं यान मंगळाच्या उत्तर ध्रुवाच्या बाजूला उतरलं. त्यानं तिथली माती एका छोट्या भांड्यात घेतली, पृथ्वीवरून नेलेल्या पाण्यात कालवली आणि त्या पाण्यात काय काय उतरतं ते तपासलं. निघाले पर्क्लोरेट नावाचे क्षार, मातीत साधारण अर्धा टक्का. हे मीठ पोटात गेलं तर गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीला आयोडीन घेऊ देत नाही. म्हणजे त्या मातीतला टोमॅटो लाल झाला तरी खाण्याजोगा नाही. पण हे मीठ पाण्यात सहज विरघळतं. माती धुतली तर निघून जातं.

मला त्या यानाचं फार कौतुक वाटलं. आबा उन्हाळ्याच्या शेवटी शेतात जातात, ढेकूळ फोडतात, बोटाला लावून जिभेवर ठेवतात आणि यंदा मीठ किती वर आलंय ते सांगतात. त्या यानानंही तेच केलं की! कोट्यवधी किलोमीटर जाऊन आधी मातीची चव घेतली.

मग आबांनी तिला खारी जमीन कशी गोडी करतात ते सांगितलं. मी हे शंभरदा ऐकलंय, पण या वेळी ती वही घेऊन बसली होती, त्यामुळे तेही सावकाश सांगत होते. आधी बांध. खाजणातलाच, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीतलाच, चिकट चिखल कापून त्याची ढेकळं रचायची, खाडीच्या बाजूनं दगड लावायचे. बांधात एक जागा ठेवायची, तिथं उघाडी. उघाडी म्हणजे लाकडी दार, वरून टांगलेलं, खाडीच्या बाजूला उघडणारं. भरती आली की खाडीचं पाणी दाराला आत रेटतं आणि दार आपोआप चौकटीवर घट्ट बसतं. ओहोटी लागली की आतलं पावसाचं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि निघून जातं. उघडायला माणूस लागत नाही, बंद करायलाही नाही. समुद्र आपल्याच जोरानं स्वतःला बाहेर ठेवतो. लेकीला हे इतकं आवडलं की ती लगेच बांधावर जाऊन दार हलताना बघून आली, गुडघाभर चिखलात उतरून.

बांध झाला की पावसाची वाट बघायची. इथं तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो शेतात साठवायचा, मीठ विरघळू द्यायचं, ओहोटीला सोडायचं, पुन्हा साठवायचं. असे पावसाळ्यामागून पावसाळे. उन्हाळ्यात जमीन भेगाळली की खालचं मीठ पुन्हा वर येतं आणि पांढरा थर धरतो, म्हणून एका वर्षात काम भागत नाही. मग मीठ सोसणारं बियाणं टाकायचं. आबा पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रानं काढलेलं भात पेरतात. त्या जातीचं नावच पनवेल. तरवा, म्हणजे वाफ्यातली रोपं, काढून लावणी करण्यापेक्षा मोड आणलेलं भात चिखलात फेकून पेरायचं, त्याला रहू म्हणतात.

"किती वर्षं लागली होती?" तिनं विचारलं.

"माझ्या बापानं बांध घातला तवा मी पाळण्यात व्हतो. पोटभर भात झालं तवा मी गुरं राखायला लागलो व्हतो."

तिनं चौथा दिवस खोडला आणि त्या जागी 'सातवं वर्ष' लिहिलं. मग आबांनी दुसरा प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नानं तिची गोष्ट दोन आठवडे अडकून पडली. "धुतलेलं पाणी सोडलंस कुठं?"

आमच्याकडे खाडी आहे. ओहोटी येते आणि मीठ घेऊन जाते. मंगळावर पाणी बर्फाच्या रूपात जमिनीखाली आहे, ते खणून, वितळवून एकेक थेंब मिळवायचा. तो मातीत ओतला, खारा झाला, मग? टाकून द्यायचा म्हटलं तर पुढच्या वाफ्याला पाणी कुठून आणणार? याचं उत्तर तिला नंतर मिळालं, ते पुढे सांगते.

मी स्वतः सड्यावरची. माझं माहेर रत्नागिरीच्या बाजूला, कातळावर. तिथं मीठ नाही, पण मातीच नाही. पायाखाली लांबच लांब जांभा, पावसाळ्यात वर बोटभर गवत. माझ्या वडिलांनी हापूसची कलमं लावली ती कातळात सुरुंगानं खड्डे पाडून. खालच्या मळ्यातून माती डोक्यावरून वर न्यायची, एकेक खड्डा भरायचा, त्यात शेणखत, पातेरा. पहिली काही वर्षं आई उन्हाळ्यात प्रत्येक कलमाला कळशीनं पाणी घालायची. त्यामुळे माती ही असतेच, आपण फक्त बी टाकायचं, असं मला लहानपणीही कधी वाटलं नाही. जांभा लाल तो लोखंडाच्या गंजामुळे, आणि मंगळही लाल तो त्याच कारणानं. हे मला शाळेत कुणी एका वाक्यात सांगितलं असतं तर मी भूगोल आणि विज्ञान दोन्ही वेगळ्या ओढीनं वाचलं असतं.

माती करण्याचं काम आता शास्त्रज्ञही करतायत. नेदरलँड्समधल्या वाखेनिंगेन विद्यापीठात २०१३ पासून मंगळाच्या मातीसारख्या बनवलेल्या मातीत पिकं घेऊन बघतात. ती माती हवाईतल्या ज्वालामुखीच्या दगडाची. २०१७ साली त्यांनी त्यात डुकराचं खत घालून गांडुळं सोडली आणि गांडुळांना पिल्लं झाली. हे मी आबांना वाचून दाखवलं तेव्हा ते उठून बसले. "मग व्हईल," म्हणाले. रॉकेटाचं, घुमटाचं, कशाचंच त्यांना एवढं वाटलं नव्हतं. २०२२ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात चंद्रावरून आणलेल्या खऱ्या मातीत, अपोलोच्या वेळच्या, मोहरीच्या गोतातलं एक छोटं रोप उगवून दाखवलं. रोपं उगवली सगळी, पण खुरटली, पानं लालसर पडली. आबांना फोटो दाखवला. ते म्हणाले, खारीत पहिल्या वर्षी भात असंच दिसतं.

लेकीनं मग तिच्या कुटुंबाच्या सामानात गांडुळांचा डबा घातला. सामानाच्या यादीत तो आता सगळ्यात वर आहे.

वस्तीसाठी तिनं जागा निवडली ती मला फार आवडली. मंगळावरच्या लहान विवरांना पृथ्वीवरच्या छोट्या गावांची नावं देतात. त्यात आपल्या बुलढाण्याच्या लोणारचं नाव दिलेलं एक विवर आहे, उत्तरेकडच्या सपाट प्रदेशात. पृथ्वीवरचं लोणारही उल्कापातानं काळ्या बेसाल्टमध्ये पडलेलं विवर, त्यामुळे नाव अगदी चपखल. तिकडे उत्तरेत जमिनीखाली बर्फ आहे. फिनिक्सनं मातीत चर पाडला तेव्हा पांढरा बर्फ उघडा पडला होता. म्हणून तिचं कुटुंब लोणारला उतरलं.

पण ध्रुवाजवळ राहायचं म्हणजे हिवाळ्यात कित्येक महिने सूर्यच उगवणार नाही. मंगळाचं वर्ष ६८७ दिवसांचं, म्हणजे तिथली थंडीही आपल्या जवळजवळ दुप्पट लांब. हे लक्षात आल्यावर ती हिरमुसली, जागा बदलते म्हणाली. मी म्हटलं, थांब. आपण आगोटीला काय करतो? पाऊस लागायच्या आधी घरात तांदूळ भरतो, लाकडं रचतो, सुकट, बोंबील, सोडे बरण्यांत जातात, आमसुलं, फणसाचे पापड, कुळीथ, मीठ-मिरची. पूर्वी एकदा पाऊस लागला की खाडीतली होडी बंद, वाट बंद, मग चार महिने घरात आहे त्यावर काढायचे. तुझ्या माणसांनाही आगोट आहे, फक्त ती अंधाराची.

त्या प्रकरणाचं नाव तिनं 'आगोट' ठेवलंय. त्यातला एक तुकडा मला इतका आवडतो की इथं देते: "सूर्य आता रोज थोडाच वर येत होता. आई वाल सोलून डब्यात भरत होती. बाबा बॅटऱ्या मोजत होते. मी भिंतीवर रेघा मारत होते. शेवटच्या दिवशी सूर्याची नुसती कड दिसली, कोकमाच्या फोडीएवढी. मग तीही गेली."

कोकमाची फोड तिला कुणी सुचवली नाही.

आता मला या लेखात ज्यासाठी बसायचं होतं तिथं येते.

तिच्या पहिल्या खर्ड्यात मंगळावर एकच कुटुंब होतं. आई, बाबा, मुलगी, धाकटा भाऊ. बाकी कुणी नाही. तिनं वाचलेल्या इंग्रजी गोष्टींचे जे अनुवाद आहेत त्यांतही बहुतेक असंच असतं. परग्रहावर जाऊन जमीन कसणारं एकटं, जिद्दी कुटुंब हा अमेरिकेतल्या किशोरकथांचा जुना लाडका विषय, आणि त्यामागं त्यांचा स्वतःचा इतिहास आहे. १८६२ साली त्यांनी होमस्टेड कायदा केला: १६० एकर जमीन घ्या, पाच वर्षं तिथं राहून कसा, मग ती तुमची. लाखो कुटुंबं गेली. दूरदूर विखुरलेली घरं, मैलभर शेजार नाही. त्या जमिनीवर आधीपासून राहणाऱ्या लोकांचं काय झालं ते त्या कायद्यात नव्हतं. त्यांच्या गोष्टी त्या आठवणीतून येतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. पण आमची आठवण वेगळी आहे, आणि माझ्या लेकीनं गोष्ट लिहावी तर ती आमच्या आठवणीतून लिहावी असं मला मनापासून वाटतं.

माझं लग्न झालं त्याच्या दुसऱ्या वर्षी, २००५ च्या जुलैमध्ये, २६ तारखेचा तो पाऊस झाला. मुंबईचं सगळ्यांना माहीत आहे. इकडे सावित्रीला पूर आला होता, वर महाड पाण्यात होतं, दरडी कोसळून माणसं गेली होती. ते सगळं पाणी आमच्या खाडीत आलं आणि खाडीत भरती चढत होती. आमच्या बांधाला एका ठिकाणी खेकड्यांनी बिळं केली होती. तिथून आधी बोटभर धार लागली. ती बघणारा शेजारचा मुलगा ओरडत गावात येईपर्यंत तिथं खांड पडली होती, बैलगाडी जाईल एवढी.

मी तेव्हा तेवीस वर्षांची, सड्यावरून आलेली, खाडीला घाबरणारी. त्या रात्री कुणी कुणाला बोलावलं नाही. जे बांधावर आले त्यात असे होते ज्यांची एक गुंठाही जमीन त्या बांधाच्या आत नव्हती. गेली सहा वर्षं आबांशी न बोलणारे त्यांचे चुलतभाऊ होते. पण त्या रात्री काही करता आलं नाही. पाणी फार होतं. नुसतं उभं राहून बघितलं, आणि रोज दोनदा भरती शेतात येत-जात राहिली.

खांड बुजवली ती पूर ओसरल्यावर, भांगाच्या तिथीला. अमावस्या-पौर्णिमेला उधाण असतं, सप्तमी-अष्टमीच्या सुमाराला भांग, म्हणजे भरती कमी चढते. तेवढे दोन-तीन दिवस हाताशी. तेही एका ओहोटीत काम पुरं व्हायला हवं, कारण अर्धवट रचलेला चिखल पुढची भरती धुऊन नेते. सहा तास. पुरुष खाजणात चिखल कापत होते, आम्ही बायका रांगेनं टोपल्या पुढे देत होतो, बांबूचे खुंट ठोकलेले, मध्ये पेंढा. माझ्या एका बाजूला सासूबाई होत्या आणि दुसऱ्या बाजूला मशिदीशेजारच्या आळीतल्या एक आजी, ज्यांचं नाव मला तेव्हा माहीत नव्हतं. मला चिखलात पाय रोवता येत नव्हते. त्यांनी माझा पदर माझ्या कमरेला खोचून दिला आणि म्हणाल्या, "टाचेवर नको, बोटांवर उभी रहा." अजूनही भातलावणीला मी बोटांवर उभी राहते.

त्या शेतात पहिल्या वर्षी काहीच आलं नाही. दुसऱ्या वर्षी गवत. तिसऱ्या वर्षी विरळ भात. सरकारी मदत आली तेव्हा आली.

मी हे लेकीला सांगितलं आणि म्हटलं, आता तुझा घुमट बघ. मंगळावरची हवा इथल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ, म्हणजे बाहेर जवळजवळ पोकळीच. समुद्रसपाटीला हवा एका चौरस मीटरवर सुमारे दहा टनांचा भार टाकते. तुझ्या माणसांनी घुमटात त्याच्या निम्मा दाब ठेवला तरी प्रत्येक चौरस मीटर पाच टनांनी बाहेर ढकलला जातोय, रात्रंदिवस. आमचा बांध समुद्र बाहेर ठेवतो, तुझा बांध हवा आत ठेवतो, काम एकच. तिथं बोटभर धार लागली तर? बाबा बाहेर दुरुस्तीला गेलेत, आईला ताप आहे, तू चौदा वर्षांची. कोण येणार?

आबा तिकडून म्हणाले, "एका घराचा बांध नसतो."

त्यानंतर तिनं गोष्टीत सात घरं घातली. सात घुमट, एकमेकांना बोगद्यांनी जोडलेले, आणि गावकीचा नियम असा की दर आठवड्याला प्रत्येक घरातला एक माणूस दुसऱ्याच्या घुमटाची शिवण तपासेल. आपल्या नाही, दुसऱ्याच्या. हा नियम तिनं स्वतः काढला. गोष्टीतली मुलगी ज्या घराची शिवण तपासते त्या घराशी तिच्या बाबांचं भांडण आहे. धार तिथंच लागते.

जमिनीचा प्रश्नही आबांनीच काढला. खर्ड्यात 'कंपनीनं प्रत्येक कुटुंबाला शंभर एकर दिली' असं वाक्य होतं. आबांनी विचारलं, सातबारा कुणाच्या नावावर? हा विषय त्यांना झोंबतो. त्यांचे वडील खोताचे कूळ. चिखल त्यांचा, बांध त्यांचा, आणि भात झोडलं की खोताचा वाटा आधी उचलला जायचा. खाडीपलीकडे अलिबागच्या चरी गावात १९३३ मध्ये कुळांनी खोतांविरुद्ध संप केला, वर्षानुवर्षं जमिनी पडीक ठेवल्या, उपाशी राहिले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. खोती गेली ती १९४९ च्या कायद्यानं, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या तारखेपासून कसणारी कुळं मालक मानली गेली. आबांना ती तारीख वाढदिवसासारखी पाठ आहे. अंतराळाबद्दल १९६७ चा आंतरराष्ट्रीय करार आहे, आणि त्याप्रमाणे चंद्रावर, ग्रहांवर कुठल्याही देशाला मालकी सांगता येत नाही. भारतही त्यात आहे. मग कंपनीनं दिली म्हणजे कुणी दिली, हा आबांचा प्रश्न तिनं गोष्टीतल्या म्हातारीच्या तोंडी घातला आहे. उत्तर तिनं अजून लिहिलेलं नाही. लिहायची घाई करू नकोस असं मी सांगितलंय.

म्हातारी आधी नव्हती. पहिल्या खर्ड्यात एवढंच होतं: "आजोबांचा निरोप घेऊन ते निघाले." आबांनी त्यावर काही म्हटलं नाही. मीच रात्री तिला म्हटलं, एवढीच ओळ? यांची नोकरी मुंबईत, वर्षातून गणपतीला आणि शिमग्याला घरी येतात. आमच्यासारखी हजारो घरं आहेत. पोस्टातले जुने लोक सांगतात, महिन्याच्या पहिल्या आठवड्यात मनीऑर्डर वाटताना गावात फिरावं लागायचं आणि फॉर्मखालच्या चार बोटं जागेत लिहिलेलं वाचून दाखवावं लागायचं. पैसे घेऊन झाल्यावरही बायका म्हणायच्या, परत एकदा वाचा. मंगळ जवळ असला तर आवाज पोचायला तीन मिनिटं लागतात, लांब असला तर बावीस. 'आबा, कसे आहात?' विचारायचं आणि 'बरा हाय' यायला पाऊण तास. त्या पाऊण तासात मुलगी काय करेल, ते लिही म्हटलं. तिनं लिहिलं की ती तेवढ्या वेळात वाफ्यातली गांडुळं मोजते.

मग गोष्टीत एक आजी आली, आणि कुटुंब तिला घेऊनच निघालं. मंगळावर वजन अडतीस टक्केच भरतं. पन्नास किलोची भाताची गोण हाताला एकोणीस किलोची लागते. आजीचे गुडघे तिथं दुखत नाहीत.

आता धुतलेल्या पाण्याचं.

शेवटच्या आठवड्यात लेकीनं खारीतल्या कोरड्या मातीची एक पाटी घरी आणली. जुन्या बरणीत माती भरली, वर विहिरीचं पाणी, ढवळून निवळू दिलं, वरचं पाणी फडक्यातून गाळून पितळी परातीत घेतलं. पहिल्या पाण्याची चव चक्क पेजेत मीठ जास्त झाल्यासारखी. असं सात वेळा धुतलं. सातव्या पाण्याला आबांनी जीभ लावली आणि मान हलवली. मग ती परात घेऊन अंगणात गेली. मोडक्या खिडकीची काच तिरकी ठेवली, कडा फडक्यानं बंद केल्या, काचेच्या खालच्या टोकाला आत एक वाटी. दोन दिवस ऊन असं होतं की पाय ठेववत नव्हता. काचेला आतून थेंब धरले, ओघळले, वाटीत पडले. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं काच काढली. परातीच्या तळाशी पांढरं कडं होतं, नखानं खरवडलं तर कुरकुरत होतं. वाटीत पाणी होतं, थोडं, पण स्वच्छ.

तिनं वाटी आबांकडे नेली. त्यांनी बोट बुडवून जिभेवर ठेवलं, थोडा वेळ तसेच बसले.

"गोडं हाय," म्हणाले.

ते पाणी तिनं ओतलं नाही. त्याच धुतलेल्या मातीत वालाचे तीन दाणे पेरले आणि त्यावर शिंपडलं. बरणी खिडकीत आहे. आज सकाळी एक दाणा फुगून मातीच्या वर आलाय, साल फाटली आहे. मिरग लागायला अजून चार दिवस आहेत आणि हस्तलिखित द्यायला नऊ.